मानसयात्रेची सिद्धता

गेल्या माघापासून बोरीवलीच्या आमच्या कीर्तनास येणारे तीन-चार माळकरी एकच प्रश्न घेऊन येतात. "बुवा, मानसरोवराची यात्रा पुन्हा सुरू झाली म्हणतात. आम्ही जावं का? आणि जायचं तर तयारी काय करायची?" प्रत्येकास निराळे सांगत बसण्यापेक्षा येथेच लिहावे, असे मनात आले. सन २०२० पासून पाच वर्षे बंद असलेली ही यात्रा २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, ही गोष्ट खरी. त्या वर्षी लिपुलेखच्या वाटेने पाच व नाथू-लाच्या वाटेने दहा, अशा पन्नास-पन्नास जणांच्या तुकड्या ठरल्या होत्या.

आधी वारीचा प्रश्न. या तुकड्या जून ते ऑगस्टमध्ये निघतात, आणि आपली आषाढी नेमकी त्याच दिवसांत. नावे यंत्राच्या सोडतीने निघतात, तेव्हा हवी ती तारीख मिळेलच असे नाही. ज्याचा वारीचा नेम आहे त्याने अर्ज भरण्याआधी आपल्या फडावर विचारावे. मी २०१२ साली गेलो, तेव्हा माझा धाकटा बंधू माझ्या जागी दिंडीत चालला. तो 'हो' म्हणाला नसता तर मी गेलो नसतो.

आता ते सरोवर कसे आहे हे पाहू. वाल्मीकिरामायणात विश्वामित्र ऋषी रामचंद्रांस सांगतात की, कैलासावर ब्रह्मदेवाने हे सर मनापासून निर्माण केले, म्हणून ते मानस. कालिदासाच्या मेघदूतातले हंस तिकडेच निघालेले असतात. डोळ्यांनी पाहावयाचे तर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५९० मीटर उंचीवर, सुमारे ८८ किलोमीटर घेराचे ते गोड्या पाण्याचे सरोवर आहे. शेजारचा राक्षसताल मात्र खारा. उत्तरेस कैलास. त्याची प्रदक्षिणा साधारण ५२ किलोमीटरांची, तीन दिवसांची. आणि तिच्यातली डोलमा खिंड ५,६०० मीटरांच्या वर. आपले कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर आहे. म्हणजे डोलमा त्याच्या तिपटीहून अधिक!

येथेच वारकऱ्याची फसगत होते. आपण म्हणतो, आळंदी ते पंढरपूर चालतो, पायांस सवय आहे. अहो, पाय चालतील, पण श्वासाचे काय? डोलमाच्या उंचीवर हवेचा दाब अंधेरीच्या निम्माच असतो. मी चार महिने गिल्बर्ट हिलच्या पायऱ्या रोज सकाळी चढत होतो, रविवारी कान्हेरीस पायी जाऊन येत होतो. त्याने गुडघे व दम सुधारला, यात शंका नाही. ती मेहनत प्रत्येकाने करावीच. परंतु विरळ हवेची सवय मुंबईच्या कोणत्याही टेकडीवर होत नाही. ती तेथे हळूहळू चढूनच होते.

आमच्या वेळी सिर्खा, गाला, बुधी असे मुक्काम करीत, पायी, चार-पाच दिवसांनी गुंजी येई. तक्रार करीत चाललो, पण ती दिरंगाईच आमचे औषध होती. २०२० साली लिपुलेखकडे मोटारीचा रस्ता झाला. पाय वाचले, मात्र उंची झपाट्याने गाठली जाते. म्हणून वाटेत मुक्काम वाढवून ठेवला असेल तर "दिवस फुकट गेला" असे म्हणू नये. तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरांहून अधिक चढवू नये, असा सर्वसाधारण नियम सांगतात.

अर्जाच्या बाबी थोडक्यात. यात्रेकरूचे वय १८ ते ७० च्या आत असावे. पासपोर्टची मुदत त्या वर्षीच्या १ सप्टेंबरनंतर निदान सहा महिने शिल्लक असावी. उंचीच्या मानाने वजन बेताचे लागते; त्यांचा आकडा २५ च्या वर चालत नाही. (माझा २७ होता. रात्रीचा भात सुटला, तो आजतागायत सुटलेलाच आहे.) दिल्लीत तपासणी होते, पुढे वाटेत उंचावर दुसऱ्यांदा होते. खर्च लाखांच्या घरात जातो, तेव्हा कर्ज काढून कोणी जाऊ नये. वनपर्वातील तीर्थयात्राप्रकरणात सांगितलेच आहे की, यज्ञ न परवडणाऱ्या दरिद्र्यासाठी तीर्थयात्रा आहे.

त्याच प्रकरणात पुलस्त्य ऋषी म्हणतात की, ज्याचे हात, पाय आणि मन संयत आहे त्यास तीर्थाचे फळ मिळते. पाठशाळेत हा श्लोक मी बालपणीच पाठ केला. हाताचा संयम समजला, मनाचा ऐकून ठाऊक होता. पायांचा संयम म्हणजे काय, हे मला पन्नाशीत डेरापुकच्या मुक्कामी कळले.

आमच्या तुकडीत मुलुंडचे एक गृहस्थ होते. माझ्याहून चार वर्षांनी वडील, पंचवीस वर्षांची अखंड वारी. दिल्लीस तपासणीच्या आदल्या रात्री त्यांना गुपचूप गोळ्या घेताना मी पाहिले. म्हणाले, "रक्तदाब आहे थोडा. कुणाला बोलू नका बुवा, पांडुरंग आहे." मी गप्प राहिलो. भाविक माणसाची यात्रा आपल्या तोंडाने का मोडावी, असे वाटले. कागदावर त्यांनी 'काही आजार नाही' असे लिहून दिले.

डेरापुकला रात्रभर त्यांचे डोके ठणकत होते, दोनदा उलटी झाली. पहाटे डोलमाकडे निघायच्या वेळी त्यांना बुटाची नाडी बांधता येईना. उभे राहिले ते झोकांड्या खात. बोलणेही अडखळत होते. यात्रेकरूंतच एक डॉक्टर होते. ते म्हणाले, "ताबडतोब खाली न्या." मग विचारले, "कोणतं औषध चालू आहे?" गृहस्थांना धड सांगता येईना, आणि मी तेव्हा कुठे तोंड उघडले. गोळीचे नाव मला कुठे ठाऊक! त्यांची पिशवी उपसून चिठ्ठी सापडेपर्यंत डॉक्टरांचे हात अडून राहिले. रक्तदाबामुळेच हे झाले असे ते म्हणाले नाहीत. विरळ हवेचा त्रास धडधाकट तरुणासही होतो. पण पोटात काय आहे हे ठाऊक नसता औषध कसे द्यावे?

त्यांच्याबरोबर खाली कोणी जावे हा प्रश्न निघाला, तेव्हा मी निघालो. यात मोठेपणा नव्हता. गप्प राहिल्याचे ते देणे होते. घोड्यावर त्यांना धरून दार्चेनपर्यंत उतरलो. डोलमा मी आजवर पाहिलेली नाही. उतरताच त्यांना आराम वाटू लागला, आणि तिसऱ्या दिवशी सरोवराच्या काठी ते माझ्या शेजारी बसून हरिपाठ म्हणत होते.

म्हणून जाणाऱ्यांस माझे सांगणे असे. चालू असलेली प्रत्येक गोळी कागदावर लिहावी. एक प्रत खिशात, एक सोबत्याजवळ. डोकेदुखी, मळमळ, झोप न येणे ही पहिली खूण. तेथेच थांबावे, वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणे भ्रमिष्ट वाटले तर रात्र असो, एकादशी असो, खाली उतरावे. एकादशी आली तर निर्जळ राहू नये. पाणी वारंवार प्यावे. सरोवरात उतरू देणे न देणे तेथील अधिकाऱ्यांच्या हाती. न दिल्यास काठावर पाणी अंगावर घेऊन ताबडतोब कोरडे व्हावे.

यंदा जे विचारावयास आले त्यांतील घाटकोपरच्या एकांनी आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी मला आणून दाखविली. हृदयाची झडप बिघडलेली आहे. त्यांनी अर्ज भरला नाही. बाकीच्यांनी भरला आहे, आणि गोळ्यांच्या याद्यांची एकेक प्रत माझ्या पेटीत आहे.