पडद्यावरचे दुःख आणि पाहणाऱ्याचे मन



सिनेमा पाहावा की पाहू नये, हा वाद आपल्या घरांतून नेहमी होतो. आजचा पाठ त्याच्या पुढच्या प्रश्नाचा आहे. अन्याय, मारहाण आणि दारिद्र्य दाखविणारा चित्रपट पाहून आपण उठतो, तेव्हा मनात काय घेऊन उठतो?

हा प्रश्न फार जुना आहे. संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची हकीकत आहे. राजगृहाच्या वेळुवनात येऊन त्याने भगवंतांना विचारले, "लोकांना रिझविणारा नट मेल्यावर हसणाऱ्या देवांत जन्मतो असे आमचे पूर्वाचार्य सांगतात. आपले मत काय?" भगवंतांनी दोनदा उत्तर टाळले. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी सांगितले ते असे: प्रेक्षक आधीच लोभ, द्वेष व मोह यांनी बांधलेले असतात. नट त्यांच्यापुढे तेच मांडून ती बंधने अधिक घट्ट करतो. तालपुट रडू लागला. पूर्वाचार्यांनी आपल्याला इतका काळ फसविले, याचे ते रडणे होते. पुढे तो भिक्षू झाला आणि अर्हतपदाला पोहोचला.

या हकीकतीत आपल्याला एक माप मिळते. चित्रपटाने हसविले की रडविले, हे गौण आहे. लोभ, द्वेष आणि मोह वाढले की कमी झाले, एवढेच पाहावयाचे.

आता आपल्या भाषेतील उदाहरण घेऊ. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' 14 फेब्रुवारी 2014 रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. जब्या हा कैकाडी कुटुंबातील शाळकरी मुलगा. शेवटी त्याचे सारे घर डुकरामागे धावते आणि गावकरी खिदळत ती गंमत पाहतात. पाहणाऱ्या आपल्यालाही त्या धावपळीचे हसू येऊ शकते. मग जब्या धोंडा भिरकावतो आणि तो थेट आपल्या दिशेने येतो. आपण कोणाच्या रांगेत बसून हसत होतो, हे त्या क्षणी कळते. येथे मोहाची गाठ सैल होते.

त्यांचाच 'सैराट' 29 एप्रिल 2016 रोजी आला. गाण्यांवर लोक चित्रपटगृहात नाचले. शेवटी खुनानंतर संगीत थांबते आणि लहान मूल रक्ताची पावले उमटवीत बाहेर येते, तेव्हा तेच लोक गप्प झाले. पण पुढे वरातीत गाणे वाजले. त्या शेवटाविषयी किती घरांत बोलणे झाले?

विदर्भातील माणसाला असे चित्रपट अधिक लागतात. 29 सप्टेंबर 2006 रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे एकाच कुटुंबातील चौघांची हत्या झाली, हे आपण विसरलेलो नाही. ज्याच्या घरात अपमानाची आठवण आहे, त्याला पडद्यावरची चपराक स्वतःच्या गालावर बसते.

धम्म सांगतो, स्पर्शातून वेदना उपजते आणि वेदनेतून तृष्णा. डोळ्यांना दृश्य भिडले की दुःख होणारच. पण त्या दुःखातून सूडाची इच्छा उठण्याआधी स्मृती जागी ठेवता येते. स्मृती नसेल तर तीन वाटा फुटतात. कोणी द्वेषाने पेटतो. कोणी "आपले असेच चालायचे" म्हणून खचतो. कोणाला सवय होऊन काहीच वाटेनासे होते. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात क्रौर्य हा करुणेचा दूरचा शत्रू आणि शोक हा जवळचा शत्रू सांगितला आहे. नुसते रडून मोकळे होणे म्हणजे करुणा नव्हे.

अन्याय मुकाट्याने सोसा, असाही याचा अर्थ नाही. 20 मार्च 1927 रोजी महाडला बाबासाहेबांनी लोकांचा संताप तळ्यातील ओंजळभर पाण्याकडे वळविला. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ला झाला, तरी त्यांनी संयम राखावयास लावले. तळ्याचा दावा न्यायालयात लढविला आणि 1937 साली मुंबई हायकोर्टात जिंकला. संतापाला दिशा देणे ते हे.

लहान मुलांचे काय? समजा, देवळीतील एका घरी रात्री मोबाईलवर मारामारीचा सिनेमा चालू आहे. वडील शेतातून थकून येऊन झोपले आहेत, आई उद्याच्या तयारीत आहे आणि मुलगा एकटाच पाहत आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी 1963 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, बाहुलीला झोडपणारा माणूस फिल्मवर पाहिलेल्या मुलांनी तसेच वर्तन केले. असे प्रत्येक मूल मोठेपणी हिंसक होते असे नाही. पण मूल पाहून शिकते, हे खरे.

म्हणून घरी एवढे करा:

1. वयाचा शिक्का वाचा. नोव्हेंबर 2024 पासून 'यूए' शिक्क्यात 7, 13 आणि 16 वर्षे असे भाग केलेले आहेत.

2. मुलाबरोबर बसून पाहा. संपल्यावर लगेच दुसरे काही लावू नका. पाच मिनिटे श्वासाकडे लक्ष द्या आणि मनात राग आहे, भीती आहे की दुःख, ते ओळखा.

3. मुलाला विचारा: मार कोणी खाल्ला? थांबविणे कोणाच्या हाती होते?

4. एक लहानशी कृती ठरवा. वर्गात एकट्या पडलेल्या मुलाशेजारी उद्या बसणे, हीसुद्धा करुणाच.

अभ्यासासाठी प्रश्न

1. तालपुट कशामुळे रडला?

2. 'फँड्री'तील धोंडा कोणाला लागतो?

3. शोक आणि करुणा यांतील फरक आपल्या घरातील उदाहरणाने सांगा.

जय भीम!