थंडीत इंजिन बसलं तर: पिकअपवाल्या भाच्याला आत्याचे कानमंत्र

बाळा, दसऱ्याला नवी पिकअप दारात आणलीस, सगळ्या आळीत पेढे वाटलेस आणि आत्याला पहिली चक्कर शिवनेरीच्या पायथ्यापर्यंत मारून आणलीस. छान झालं. आता पौष येतोय. आपल्या जुन्नर-आंबेगावात या दिवसांत पहाटे पारा दहाच्या खाली येतो, आणि तुला तर मेथी-कोथिंबीर भरून अंधारातच निघायचं असतं. घरातल्या गाड्यांचे कागद वर्षानुवर्षं माझ्याच पेटीत राहिलेत, म्हणून सांगते. इंजिन एका पहाटे बसतं, पण दुरुस्ती वॉरंटीत होणार की तुझ्या खिशातून, हे त्याच्या कितीतरी आधीपासून ठरत आलेलं असतं. कधी कधी तर त्या पहाटेच्या पहिल्या पाच मिनिटांत ठरतं.

१. किल्ली फिरवलीस की डॅशबोर्डवर पिवळ्या वेटोळ्याचा दिवा लागतो, तो विझेपर्यंत सेल्फ मारू नकोस — तो हीटरचा दिवा आहे. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटतं, आणि गार सिलिंडर ती उष्णता खाऊन टाकतो.

२. सेल्फ एका दमात दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये अर्धा मिनिट थांब — थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि घट्ट झालेलं ऑइल इंजिनाला फिरू देत नाही. सेल्फची घाई, बॅटरीची सुट्टी.

३. गाडी उठली की ॲक्सिलरेटर दाबून गुरगुरवू नकोस. मिनिटभराने नीघ आणि पहिले काही किलोमीटर हळू चालव — गार ऑइल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागतो.

४. हवेच्या पाइपाशी पेट्रोलचा बोळा किंवा स्टार्टिंग स्प्रे कधीच धरू द्यायचा नाही, मिस्त्री सख्खा मित्र असला तरी — हीटर तापलेला असताना त्याची वाफ अवेळी पेटते, रिंगा आणि पिस्टन तुटतात. मग शोरूमवाले तुझ्याकडेच बोट दाखवतील, आणि ते चुकीचं नसेल.

५. सेल्फ मारल्यावर इंजिन नुसतं ‘टक्’ करून अडलं, तर टोचन लावून किंवा उतारावर ढकलून बघू नकोस — आत पाणी किंवा डिझेल साठलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हजारांचं काम लाखावर जातं.

६. रेडिएटरमध्ये कंपनीने सांगितलेलंच कूलंट घाल, बोअरचं पाणी नको — आपल्याकडे रेडिएटरमधलं पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंजही थांबवतं. बोअरच्या पाण्याचे क्षार आत बसले की थर्मोस्टॅट अडकतो.

७. उन्हाळ्यात पिंपात भरून ठेवलेलं डिझेल थंडीत टाकीत ओतू नकोस, आणि पंपाची पावती जपून ठेव — डिझेल गार पडलं की त्यातलं मेण फिल्टर तुंबवतं. भारतीय मानकात अशा तुंबण्याची मर्यादा उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे आणि हिवाळी डिझेलला ६ अंश, म्हणजे जुनं डिझेल आपल्या पहाटेलासुद्धा दगा देऊ शकतं.

८. डिपस्टिक बघताना ऑइल कमी झालंय का एवढंच बघू नकोस, वाढलंय का तेही बघ — नव्या गाडीला डीपीएफ असेल, म्हणजे धुरातली काजळी धरणारी जाळी, तर गार इंजिनाच्या छोट्या छोट्या फेऱ्यांत ती नीट जळून साफ होत नाही आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. पातळी वर चढलेली दिसली की त्याच दिवशी शोरूमला लेखी कळव.

९. सर्व्हिस किलोमीटरवर आणि महिन्यांवर, जे आधी येईल त्यावर कर. घरच्या ट्रॅक्टरला तासांवर — क्लेम आला की पहिल्यांदा सर्व्हिसच्या तारखा बघतात. तारीख चुकली, वॉरंटी रुसली.

आता समजा, एवढं सांभाळूनही एका पहाटे गाडी बसली. इथे जरा सावकाश ऐक, कारण बहुतेक पोरं इथेच हरतात.

१०. आधी फोटो काढ: किलोमीटरचा आकडा, पेटलेले दिवे, वेळ, जागा, मग सर्व्हिस बुकातल्या मदत क्रमांकावर फोन करून तक्रारीचा नंबर मागून घे — ज्या तक्रारीला नंबर मिळाला, ती नंतर कुणाला नाकारता येत नाही. तोंडी बोललं तो वारा, लिहून घेतलं तो थारा.

११. ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर ‘बघू तरी’ म्हणून पुन्हा चालू करू नकोस — पहिला बिघाड कंपनीचा असू शकतो, पण त्यानंतरचा तुझ्या नावावर लिहिला जातो.

१२. गाडी उसाच्या फडाशेजारी बंद पडली असेल तर काचा लावून आत बस, उजाडेपर्यंत चाकाशी वाकू नकोस — आपल्या तालुक्यांत बिबटे किती आहेत हे तुला मी सांगायला नको, आणि वाकलेलं माणूस त्याला लहान जनावर वाटतं. इंजिन नवं मिळेल रे.

१३. आळेफाट्यावर ओळखीचं गॅरेज आहे म्हणून तिथे नट ढिला करायचा नाही. गाडी टोचन होऊन थेट अधिकृत वर्कशॉपलाच जाऊ दे, मंचर असो की चाकण — झाकण बाहेर उघडलं, क्लेमचं दार आतून मिटलं.

वर्कशॉपमधली अडचण वेगळीच असते. पहाटे न उठलेली गाडी तिथे पोचेपर्यंत ऊन चढतं, बॉनेट कोमट होतं, आणि फोरमनने किल्ली फिरवताच ती लगेच चालू होते. दवाखान्यात शिरताच थांबणाऱ्या पोराच्या पोटदुखीसारखं आहे हे. मग जॉबकार्डवर ‘दोष आढळला नाही’ असं लिहून तुला परत पाठवतात, आणि माणूस खोटारडा ठरल्यासारखा घरी येतो. फोरमनवर चिडू नकोस. त्याने जे पाहिलं तेच त्याने लिहिलं. त्याला दिसेल अशी सोय आपण करायची.

१४. गाडी रात्रभर वर्कशॉपच्या उघड्या आवारात ठेव, आणि सकाळी पहिला सेल्फ तुझ्यासमोर मारायला सांग, मोबाइलवर चित्रण करत — गार इंजिनाचा दोष गार इंजिनावरच सापडतो. घरी झालेल्या त्रासाचं चित्रणही दाखव. आवाज आणि धुराचा रंग ऐकून-बघून जाणत्याला अर्धं निदान होतं.

१५. जॉबकार्डवर तक्रार तुझ्या शब्दांत लिहून घे: ‘रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सुरू होत नाही, पांढरा धूर येतो’ — नुसतं ‘इंजिन चेक’ लिहिलं तर त्यात तुझं दुखणं कुठेच नसतं. सही वाचून कर, प्रत घेऊनच नीघ.

१६. इंजिन खोलण्याआधी विचार, क्लेम नाकारला तर खोलण्याची मजुरी कोणाची, आणि उत्तर कागदावर घे — सुटे भाग टेबलावर पसरल्यावर हा प्रश्न विचारलास, तर बोलायला तुझ्याकडे जोर उरत नाही.

१७. खोलताना हजर राहा, आणि ऑइल व डिझेलचा नमुना स्वच्छ बाटलीत, दोघांच्या सहीने सील करून मागून घे — ‘भेसळीचं डिझेल’ हे कारण पुढे आलं तर तपासायला काहीतरी हातात हवं.

१८. वॉरंटी संपत आली असेल तर तक्रार तिच्या मुदतीतच नोंदव, भाग नंतर येऊ देत — नोंदीची तारीख तुझ्या बाजूने बोलते. नकार आला, तर तोही कारणासह लेखी माग.

१९. लेखी नकार हातात आला तर कंपनीला मेल आणि स्पीड पोस्टने पत्र, मग १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि त्यानंतर पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोग — २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतोस तिथल्या आयोगात तक्रार करता येते, वकील नसला तरी चालतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. गाडीला मोजलेले पैसे पाच ते दहा लाखांत असतील तर शुल्क २०० रुपये, दहा ते वीस लाखांत ४००.

२०. पहिल्याच पत्रात लिही की गाडी तू स्वतः चालवतोस आणि त्यावरच घर चालतं — ‘ही धंद्याची गाडी, तुम्ही ग्राहक नाही’ असा आक्षेप येतोच. पण स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू हाच कायदा व्यापारी हेतूत मोजत नाही.

बहुतेकदा आयोगापर्यंत जावं लागत नाही. कागद नीट लावलेला माणूस समोर बसला की शोरूमवालेही मनापासून मदत करतात. त्यांनाही कंपनीला पुरावा द्यायचा असतो, आणि तो तू आयता नेलेला असतोस. म्हणून आवाज चढवू नकोस, फाइल उघड.

२१. दुरुस्त गाडी संध्याकाळी घाईने ताब्यात घेऊ नकोस. रात्र तिथेच काढू दे, सकाळी गार इंजिनावर चालू करून बघ, आणि शून्य रुपयांचं बिल बदललेल्या भागांच्या नंबरांसह घे — त्या भागांना पुढे किती दिवसांची वॉरंटी आहे, तेही त्याच बिलावर लिहून माग.