जुन्या पारदर्शिका आणि स्कॅनरची निवड

सरदार सरोवर धरणामुळे नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. मणिबेली हे त्यांपैकीच एक. पाण्याखाली गेलेल्या घराचे किंवा नदीकाठाचे छायाचित्र पुन्हा काढता येत नाही. जुन्या ट्रंकेत एखादी रंगीत पारदर्शिका, म्हणजे स्लाइड, असेल तर तिचे रंगही हळूहळू फिके होत असतात. म्हणून तिची संगणकीय प्रत वेळीच आणि नीट काढली पाहिजे. त्यासाठी स्कॅनर कसा निवडावा?

प्रथम प्रकाशाचा विचार करू. कागदावरील छायाचित्र आपल्याला परावर्तित प्रकाशात दिसते. साधा सपाट स्कॅनर त्यावर खालून प्रकाश टाकतो व परत आलेला प्रकाश मोजतो. पारदर्शिकेतून मात्र प्रकाश आरपार जावा लागतो. म्हणून स्कॅनरच्या झाकणात दिवा हवा, किंवा खास स्लाइडचा स्कॅनर हवा.

आता थोडे गणित. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्र २४ × ३६ मिलिमीटरचे असते. ३६ मिलिमीटर म्हणजे सुमारे १.४२ इंच. दर इंचास ३०० बिंदू घेतले, तर चित्राच्या रुंदीत फक्त ४२५ बिंदू मिळतील. १२ इंच रुंद सुबक प्रत छापायची असेल, तर १२ × ३०० = ३६०० बिंदू लागतात. ३६०० ला १.४२ ने भागा. उत्तर येते सुमारे २५४०. याउलट, ६ इंची कागदी छायाचित्राची तेवढीच प्रत हवी असेल, तर दर इंचास ६०० बिंदू पुरतात.

खोक्यावरचा मोठा आकडा पाहून मात्र भुलू नका. काही यंत्रे दोन बिंदूंच्या मध्ये अंदाजाने नवे बिंदू भरतात. त्यामुळे आकडा वाढतो, पण तपशील वाढत नाही. म्हणून विचारावे, ‘प्रकाशीय क्षमता किती?’

पारदर्शिकेच्या गडद भागातून हजारात एक भाग प्रकाशही कधी कधी पार होत नाही. कमी प्रतीच्या यंत्रात झाडाखालची सावली नुसती काळी दिसते. म्हणून खरेदीपूर्वी अशीच गडद स्लाइड लावून पाहावी.

करून पाहा : घरातील एका जुन्या छायाचित्राची रुंदी मोजा. दुप्पट रुंद प्रतीसाठी दर इंचास किती बिंदू लागतील? आणि प्रत काढल्यावर गाव, वर्ष व माणसांची नावे आजी-आजोबांना विचारून लिहून ठेवा. ती माहिती कोणताही स्कॅनर टिपू शकत नाही.