गणितांतील यंत्र व प्रत्यक्ष यंत्र

नवें यंत्र घडविण्यापूर्वीं तें कसें चालेल हें संगणकावर पाहतां येतें. तें कसें?

स्प्रिंगला टांगलेलें वजन ओढून सोडा. तें खालींवर हेलकावे घेईल. भारित कॅपॅसिटर तारेच्या वेटोळ्यास जोडला असतां विजेचा प्रवाहहि तसाच पुढेंमागें वाहतो. दोहोंचें समीकरण एकाच घाटाचें आहे. वजन चौपट केल्यास एका हेलकाव्यास दुप्पट वेळ लागतो. संगणक क्षणाक्षणाला ओढीवरून वेग व वेगावरून पुढील स्थान काढीत जातो.

परंतु समीकरणांत घर्षण घातलें नाहीं, तर संगणकांतील वजन कधींच थांबत नाहीं. ईश्वराच्या सृष्टींतील वजन थांबतेंच.

अशा उणिवेची किंमत मोठी असते. ४ जून १९९६ रोजीं युरोपाचा एरियान-५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारें ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक उपकरणांत एरियान-४ ची जुनी आज्ञावली होती. नव्या बाणाचा अधिक आडवा वेग तिला पेलला नाहीं. पूर्वपरीक्षेंत तें उपकरण न जोडतां त्याची केवळ गणिती नक्कल वापरल्यामुळें दोष लपून राहिला.

जें आपण सांगितलें नाहीं, तें संगणक जाणत नाहीं. म्हणून त्याचें उत्तर प्रत्यक्ष यंत्राशीं ताडून पाहणें हें अभियंत्याचें कर्तव्य होय.