थारमध्ये पाण्याच्या मागावर

जैसलमेरला दोन दिवसांसाठी गेलेला माणूस बहुधा समच्या वाळूच्या टेकड्यांवर उंटावर बसतो, सूर्यास्त बघतो आणि परततो. टेकड्या देखण्या आहेतच, पण तेवढ्यालाच थार समजलं तर मुख्य गोष्ट हातून निसटते. जैसलमेरच्या आसपास खडकाळ, मुरमाड माळच फार. वर्षाचा पाऊस जेमतेम १५० ते २०० मिलिमीटर, आणि तरीही इथे शतकानुशतकं गावं नांदली. ती कशाच्या बळावर, हे कळायला वाटाड्याला आधी खडीन दाखवायला सांगा. खडकाळ उतारावरून येणारं पाणी सखल जागी मातीच्या लांबलचक बांधाने अडवायचं, जमिनीत मुरू द्यायचं आणि ओसरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, ही इथे पूर्वी नांदलेल्या पालीवाल ब्राह्मणांची रीत. त्यांचं ओसाड कुलधरा आज भुताटकीचं गाव म्हणून दाखवतात. त्या गोष्टी रंगवण्यापेक्षा त्यांची शेती समजून घेणं मोलाचं आहे.

हिवाळ्यात पाणी कुठलं दिसणार, असं कुणी म्हणेल. पाणी दिसणार नाहीच. पण पाऊस बरा झाला असेल, तर जानेवारीत बांधावर उभं राहून बघा: एका हाताला करडा खडक, दुसऱ्या हाताला विहीर नाही, पाट नाही, तरी हिरवागार गहू. दुसरा आक्षेप वेळेचा. त्यासाठी समवर पाणी सोडायची गरज नाही. सकाळ खडिनाला आणि गावाच्या ओरणाला द्या, संध्याकाळ वाळूला. ओरण म्हणजे आपल्या देवराईचंच भावंड: देवाच्या नावाने राखलेलं रान, फक्त इथे ते गुरांचं चराऊ रानही असतं. तिथली खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या शेंगा, सांगरी, वाळवून वर्षभर भाजीला वापरतात. १७३० साली जोधपूरजवळच्या खेजडलीत याच झाडांसाठी ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले, तेव्हा ओरणातली वाळकी काटकीही उचलू नका.

पायात घोट्यापर्यंतचे बूट हवेत, चप्पल नको. भुरट गवताची काटेरी बोंडं मोज्यांत रुततात आणि बोटांनी उपटायला गेलं तर बोटांतच मोडतात. खिशात छोटा चिमटा ठेवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा, पण रात्री कडाक्याची थंडी पडते, म्हणून स्वेटर-कानटोपी घ्या. पिण्याचं पाणी आपलं आपण न्या. वाटेत गावाची बेरी, म्हणजे पाझराची अरुंद विहीर लागली, तर विचारल्याशिवाय पोहरा सोडू नका आणि तिच्या काठावर हातपाय धुऊ नका.