झाडांच्या छाटणीसाठी लांब दांड्याची करवत

पावसाळा तोंडावर आला की शाळेच्या आवारातील, ग्रामपंचायतीच्या अंगणातील व घराभोवतीच्या झाडांची छाटणी निघते. कौलांवर टेकलेली गुलमोहराची फांदी, वाटेवर झुकलेला शेवगा, पटांगणावर लोंबणारी वाळकी डहाळी. काम किरकोळ वाटते, म्हणून कोणाला तरी कोयता देऊन झाडावर चढविले जाते. शेवगा आणि गुलमोहर यांचे लाकूड ठिसूळ असते. हिरवीगार दिसणारी फांदीही माणसाच्या भाराने सांध्यातून सुटते. शिडीचाही भरवसा धरता येत नाही, कारण कापलेली फांदी झुलत येऊन शिडीलाच धडकते. पाय जमिनीवर ठेवून हे काम करावयाचे, तर लांब दांड्याची करवत घ्यावी.

खरेदी करताना सर्वांचे लक्ष पात्याकडे जाते. वस्तुतः आधी पाहावयाचा तो दांडा. ॲल्युमिनियमचा दांडा हलका व स्वस्त असतो, पण तो विजेचा उत्तम वाहक आहे. आपल्या गावांत तारा झाडांतून गेलेल्या नाहीत, असे आवार विरळाच. म्हणून फायबरग्लासचा दांडा घेणे शहाणपणाचे. मात्र तोही ओला किंवा मळलेला असल्यास सुरक्षित राहत नाही. ओल्या बांबूचेही तसेच. तारेपासून निदान तीन मीटरच्या आत असलेल्या फांदीला कोणत्याही दांड्याने हात लावू नये. ते काम महावितरणच्या स्थानिक कार्यालयास कळवून, वीजपुरवठा बंद करवूनच व्हावे.

लांबीचा हिशेब साधा आहे. फांदीच्या थेट खाली उभे राहावयाचे नसल्याने दांडा तिरपा धरावा लागतो. तीन मीटरचा दांडा कमरेपासून साठ अंशांच्या कोनात धरला, तर करवत सुमारे साडेतीन मीटर उंचीपर्यंत पोहोचते. चार मीटरचा दांडा सुमारे साडेचार मीटरपर्यंत. याहून लांब दांडा घेण्याचा मोह टाळावा. आंबे उतरविण्याचा झेला ज्यांनी हाताळला आहे, त्यांना काठीच्या टोकावरचे थोडेसे वजनही खांद्याला किती जाणवते हे सांगावयास नको. एकात एक सरकणारा दांडा असल्यास तो दुकानातच पूर्ण उघडून, टोक हलवून पाहावा. खटका सैल असेल तर पाते डुलते आणि काप भरकटतो.

पाते वक्र व ओढताना कापणारे असावे. वरून खाली ओढताना दांड्याचे वजनही कामी येते. टोकाला आकडा असल्यास पाते फांदीवरून निसटत नाही व अडकलेली डहाळी खाली ओढता येते. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी अशी हातकरवत पुरेशी आहे. बॅटरीवर किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या करवती झपाट्याने कापतात, पण जड असतात. वर्षातून दोनदा छाटणी करणाऱ्या शाळेने त्यावर पैसा घालवावा, असे वाटत नाही.

फांदी एकदम बुंध्याशी कापू नये. तिच्या भाराने खालची साल खोडापर्यंत सोलली जाते. टोकाकडून तुकड्यातुकड्यांनी भार कमी करावा. मग खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा व नंतर थोडे पुढे वरून काप घ्यावा. शेवटचा काप फांदीच्या मुळाशी दिसणाऱ्या फुगीर कड्याच्या बाहेर असावा. ते कडे शाबूत राहिले तर जखम लवकर भरून येते. डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांवर चष्मा हवाच; मुलांना मात्र सुट्टीच्या दिवशीही जवळ फिरकू देऊ नये.

नागरी भागात १९७५ च्या वृक्षसंरक्षण अधिनियमाच्या कक्षेत झाडास इजा करणेही येते. म्हणून फांद्या छाटण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्यांकडे विचारणा करावी. पक्ष्यांची घरटी असतील तर पिले उडेपर्यंत थांबावे.

काम संपल्यावर पात्यावरचा चीक रॉकेलच्या फडक्याने पुसून, तेलाचा हात फिरवून करवत म्यानात घालावी आणि कुलपात ठेवावी.