सायरन वाजतोय आणि सिग्नल लाल आहे, मग काय करायचं?



सहावीच्या वर्गात रस्ता सुरक्षेचा पाठ चालू होता. ‘रुग्णवाहिकेला वाट द्यावी’ हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पण सिग्नल लाल असेल तर? पप्पा म्हणतात, पुढे गेलो की चलन येतं!"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आठवली ती गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ. सासऱ्यांच्या छातीत दुखू लागलं म्हणून १०८ ला फोन केला आणि सातपूरहून त्र्यंबक रोडने निघालो. एका सिग्नलला अडकलो. पुढच्या सगळ्यांनी मागे वळून पाहिलं, पण हलायला कोणालाच जागा नव्हती. गंमत म्हणजे सिग्नल हिरवा झाला, तरी आमची गाडी बराच वेळ जागची हलली नाही. सासरे आता बरे आहेत. पण हिरवा होऊनही आपण का थांबलो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ई आलं. रुग्णवाहिका, अग्निशमन बंब किंवा इतर आपत्कालीन वाहन येताना जो बाजूला होत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खऱ्या आणीबाणीत सायरन आणि दिवा चालू ठेवून रुग्णवाहिकेचा चालक योग्य काळजी घेत लाल सिग्नल ओलांडू शकतो. ही मुभा त्याला आहे, त्याच्या पुढे उभ्या असलेल्या आपल्याला नाही. म्हणजे मुलाची शंका रास्तच होती.

हिरवा झाला तरी गाडी का हलत नाही?

हे वर्गात करून दाखवा. दहा मुलं एकामागे एक उभी करा. नियम एकच : पुढचा हलल्यावरच आपण हलायचं. ‘हिरवा’ म्हणा आणि घड्याळ लावा. प्रत्येकाला साधारण एक सेकंद लागतो, म्हणून दहाव्या मुलाची पाळी यायला आठ-दहा सेकंद जातात. रस्त्यावर दहाव्या गाडीचं तेच होतं. आमची रुग्णवाहिका त्या दहाव्या मुलाच्या जागी होती. दिवा हिरवा झाला म्हणजे वाट मोकळी झाली असं नाही, आधी पुढची रांग सरकावी लागते.

सिग्नलला सायरन कळतो का?

आपल्याकडचे बहुतेक सिग्नल ठरलेल्या सेकंदांवर चालतात. त्यांना सायरन कळत नाही. हेडलाइटची उघडझाप केली की सिग्नल बदलतो, हाही गैरसमजच.

अमेरिकेत मात्र काही दशकांपासून वेगळी सोय आहे. रुग्णवाहिकेवरचा एक दिवा ठरावीक वेगाने लुकलुकतो, खांबावरचं यंत्र तो ओळखतं आणि त्या दिशेला हिरवा देतं. आता हेच काम जीपीएसनेही होतं. पण तिथेही दिवा एकदम बदलत नाही. आडव्या रस्त्याला आधी पिवळा, मग लाल द्यावा लागतो, नाहीतर तिथली भरधाव गाडी मध्येच येईल. शिवाय पुढची रांग सरकायलाही वेळ हवा.

इथे गणिताचा तास घ्या. ताशी ४० किमी वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर जाते. रांग हलायला ३० सेकंद हवे असतील, तर गाडी किती लांब असतानाच सिग्नलला कळायला हवं? उत्तर येतं जवळजवळ ३३० मीटर!

नाशिकमध्ये हे काम कोण करतं?

माणसं. अवयवदानाच्या वेळी आपल्या शहरातून ‘ग्रीन कॉरिडॉर’ केला जातो, तेव्हा वाहतूक पोलीस गाडी पोचण्याआधीच चौक मोकळे करतात. काढलेलं हृदय साधारण चार तासांत बसवावं लागतं, म्हणून ही धडपड. पण शिंगाडा तलावावरून निघालेल्या बंबाला किंवा रोजच्या १०८ ला द्वारका, मुंबई नाका, सीबीएस इथे असा कॉरिडॉर मिळत नाही. तिथे रांगेतले आपणच. २०२७ च्या सिंहस्थात गर्दी कितीतरी वाढेल, तेव्हा तर ही सवय फारच लागेल.

मग मुलाला काय सांगायचं?

मी पुढच्या तासाला हे सांगितलं :

१. सायरन ऐकू आला की आधी आरशात पाहा, गाडी कुठून येतेय ते समजून घ्या. घाबरून मध्येच ब्रेक मारू नका.

२. इंडिकेटर देऊन हळूहळू कडेला सरका. सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीला चिकटून उभे राहू नका. थोडी जागा असेल तरच बाजूला होता येतं.

३. पोलीस हाताने ‘या’ म्हणत असतील, तर लाल असला तरी जा. पोलिसांचा इशारा दिव्यापेक्षा मोठा.

४. पोलीस नसतील, तर लाल दिव्यात चौकात घुसू नका. आडव्या रस्त्यावरच्या गाड्यांना हिरवा असतो. आपणच धडकलो, तर रुग्णवाहिकेचीही वाट बंद होते.

५. रुग्णवाहिकेच्या मागोमाग गाडी पळवू नका. खरं सांगते, मी स्वतः एकदा स्कूटी अशीच काढली होती. वर्गात हे कबूल केलं तेव्हा मुलं हसली, पण दोघा-तिघांनी हळूच सांगितलं, "आमच्या घरीही करतात."

पालकांसाठी

पुढच्या वेळी मुलांसोबत सिग्नलला थांबलात, तर एक खेळ खेळा : "आत्ता मागून रुग्णवाहिका आली, तर आपण कुठे सरकू?" उत्तर ‘कुठेच नाही’ असं आलं, तर पुढच्या सिग्नलला थोडं अंतर ठेवून थांबा. तुमच्या वर्गात दहा मुलांची रांग करून पाहिलीत, तर किती सेकंद लागले ते नक्की कळवा.